वावरातले गोल्फ सर

विलास गेला त्या सकाळी शंकर गुरुजी त्याच्यासमोर टोपलीभर चेंडू मारत होते. विलास त्यांच्या मागे, नेहमीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, टोपी कपाळावर ओढून बसलेला. गुरुजी पंचवटीतले पुरोहित. सकाळचे अभिषेक आटोपायचे, धोतर सोडून पँट चढवायची आणि स्कूटरवरून मखमलाबादला आमच्या वावरात गोल्फ शिकायला यायचं, हा त्यांचा बरीच वर्षं चाललेला नेम. त्या दिवशीही ते आले, "नमस्कार सर" म्हणाले, विलासने हात वर केला... एवढं त्यांना नक्की आठवतं. मग ते मारायला लागले. एरवी दर दोन चेंडूंमागे विलासचं काहीतरी असायचंच. "गुरुजी, डोकं हललं." "गुरुजी, घाई कसली? मुहूर्त टळतोय का?" त्या दिवशी काहीच नाही. गुरुजींना वाटलं, आज आपला हात बसलाय म्हणून सर गप्प आहेत. त्या खुशीत त्यांनी सगळी टोपली संपवली आणि हसत मागे वळले.

मी तेव्हा गुलाबाच्या ओळींत फुलं तोडत होते. गुरुजींची हाक ऐकून धावत गेले, तर ते विलासचा हात हातात धरून मातीत बसले होते. मला म्हणाले, "ताई, आयुष्यभर लोकांच्या उत्तरक्रिया केल्या मी. मेलेलं माणूस मला लांबून कळतं. आणि माझ्या पाठीमागे सर गेले, ते मला कळलं नाही हो. मला वाटलं, आज हात बसलाय म्हणून गप्प आहेत." मी विलासच्या तोंडाकडे पाहिलं. कुठे दुखल्याखुपल्याची खूण नव्हती. नंतर डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, क्षणाचं काम. पण त्या वेळी मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "गुरुजी, पण खरंच बसला होता का हो आज हात?" गुरुजी म्हणाले, "बसला होता, ताई. इतका कधीच बसला नव्हता." आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली. त्यांतल्या कितीतरी जणांनी मला विचारलं, "भाऊ तुमचे गोल्फ क्लबवर नोकरीला होते का?" नाशिककरांचा त्यात दोष नाही. आपल्याकडे गोल्फ क्लब म्हटलं की शहरातलं ते मैदान डोळ्यांसमोर येतं, जिथे माणसं सकाळी चालायला जातात, पोरं क्रिकेट खेळतात आणि निवडणुकीत सभा होतात. तिथे गोल्फ सोडून सगळं चालतं. गावातले लोक विलासला 'गोल्फ सर' म्हणत, पण सर व्हायच्या आधी तो कोण होता, हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. तो सांगायचा नाही. म्हणून मी, त्याची थोरली बहीण, सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. माझ्यासाठी लिहिणं म्हणजे फळ्यावर लिहिणं. तेव्हा सांभाळून घ्या.

आमचे वडील, अण्णा, देवळालीच्या छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर माळी होते. मैदानाच्या कडेला, गवत कापायच्या यंत्रांच्या शेडमागे आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. गोल्फ हा खेळ सांगायला फार सोपा. लांब कुठेतरी एक खड्डा असतो, त्यात छोटा चेंडू कमीत कमी फटक्यांत घालायचा. खड्ड्याभोवती गालिच्यासारखं बारीक गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. तिथवर चेंडू उडवत न्यायचा आणि ग्रीनवर आला की हलकेच ढकलायचा. ती ग्रीन अण्णांच्या ताब्यात. पहाटे उठून ते दव झाडायचे, गवत कापायचे, आणि मग त्यावर हात फिरवायचे, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतो. विलास साहेबलोकांच्या बॅगा वाहायला लागला आणि एका साहेबाने टाकून दिलेली काठी घेऊन, मैदान रिकामं झालं की खेळायला लागला. अण्णांनी कधी अडवलं नाही. त्यांची एकच अट होती, "गवताला दुखलं नाय पाहिजे." माझी खात्री आहे, विलासच्या फटक्यात जी नजाकत होती ती या एका वाक्यातून आली.

विशीत तो व्यावसायिक खेळाडू व्हायची चाचणी पास झाला. अण्णांनी पेढे वाटले. कशाचे, हे लोकांना समजावताना त्यांची दमछाक झाली. मग विलासची बारा-चौदा वर्षं रेल्वेतच गेली म्हणायची. दिल्ली, कोलकाता, चंदीगड, बंगळूर... जिथे स्पर्धा असेल तिथे साध्या डब्यातून ती उंच बॅग सांभाळत जायचा. एकदा एका तिकीट तपासनिसाने त्याला विचारलं, "काय, तंबोरा का?" विलास म्हणाला, "हो." पुढचा सगळा प्रवास त्या भल्या माणसाने त्याला जागा करून दिली, फक्त उतरताना एखादं भजन म्हणा म्हणून आग्रह केला. ही गोष्ट विलास इतकी रंगवून सांगायचा की आम्ही दर दिवाळीला त्याला ती परत सांगायला लावायचो.

त्याच्या लग्नाचंही अण्णांनी पाहिलं. सिन्नरकडचे एक पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला. त्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" अण्णा अभिमानाने म्हणाले, "खेळतो." "ते झालं. पण करतो काय?" अण्णा पुन्हा म्हणाले, "खेळतो." पाहुण्यांनी कपबशी खाली ठेवली... असं दोन-तीनदा झालं. मग विलासने तो विषय सोडला, आणि आम्हीही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तो काही फार मोठा खेळाडू नव्हता. वर्तमानपत्रात त्याचं नाव यायचं ते खाली, बारीक अक्षरात. एकदाच तो एक स्पर्धा जिंकला, कोलकात्याला. तो कप घेऊन घरी आला तेव्हा आईने त्याला कुंकू लावलं, त्यात खडीसाखर भरली आणि अख्ख्या वस्तीत वाटून आली. पण जिंकला नाही म्हणून मी त्याला कधी खंतावलेला पाहिलं नाही. आपल्याला आवडतं ते काम आपण करतो आणि त्यावर आपलं भागतं, याचंच त्याला नवल वाटायचं.

त्याला स्पर्धेत खेळताना मी फक्त एकदा पाहिलं, पुण्याला. अण्णा-आई दोघंही तोवर गेले होते. विलासने आमच्या ह्यांना फोन केला, "दाजी, या वेळी जवळच आहे, ताईला घेऊन या." गोल्फची स्पर्धा चार दिवस चालते आणि पहिल्या दोन दिवसांत जे मागे पडतात त्यांची तिथेच पाठवणी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शेवटच्या ग्रीनपाशी दोरीच्या अलीकडे उभे होतो. विलासचा लांबून आलेला चेंडू ग्रीनवर पडला, घरंगळला आणि खड्ड्यापासून दीड हातावर थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी मला कोपराने ढोसलं, "झालं! हा तर मीबी टाकीन."

विलास चेंडूवर वाकला आणि वाकूनच राहिला. बराच वेळ. मग त्याचा उजवा हात एकदम झटकला, झोपेत माणूस दचकतो ना, तसा. चेंडू खड्ड्याच्या बाजूने सुसाट पलीकडे गेला. तो पलीकडे जाऊन पुन्हा वाकला. पुन्हा तोच झटका. तिसऱ्यांदा चेंडू आत गेला तेव्हा कोणीच टाळी वाजवली नाही. आमच्या आसपासची जाणती माणसं, बाकीचे खेळाडू, सगळे दुसरीकडे पाहत होते. कुणाचं तरी काही उघडं पडावं आणि सभ्य माणसांनी मान वळवावी, तसं. विलासने टोपी काढली, सोबतच्या खेळाडूंशी हात मिळवला आणि आमच्याकडे बघून हसला. तेवढं हसू त्याने कुठून आणलं असेल, देव जाणे.

परतीच्या एसटीत तो आमच्याबरोबरच होता. सिन्नर मागे पडलं तेव्हा म्हणाला, "ताई, दीड वर्ष झालं याला. लांबचं सगळं जमतं. जवळ आलो की हात माझा राहत नाही."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. हात चांगला आहे म्हणतात. कप उचलतो, सही करतो, सुईत दोरा ओवतो... फक्त तेवढंच जमत नाही. हे होतं खेळाडूंना. पण आमच्यात कोणी त्याचं नावसुद्धा काढत नाही. लागण होईल म्हणून घाबरतात."

त्याने सगळे उपाय केले. डाव्या हाताने खेळून पाहिलं, छातीएवढी लांब काठी आणली, कुणी सांगितलं म्हणून डोळे मिटून खेळला. त्र्यंबकेश्वर आपल्या दाराशीच, तेव्हा नातेवाइकांनी नारायण नागबळी करून घ्या असाही सल्ला दिला. कशाचाच गुण आला नाही. आणि एका नवरात्रात, रिक्षात बॅग आडवी घालून, तो मखमलाबादला आमच्या दारात उतरला. "दोन-चार दिवस राहतो," म्हणाला. अण्णांचं ते पत्र्याचं घर केव्हाच दुसऱ्या कुणाला गेलं होतं. त्याला जायला दुसरं ठिकाण नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

भावाने बहिणीच्या सासरी येऊन राहावं, हे आपल्याकडे दिसायला बरं दिसत नाही. कोणी बोललं नाही. पण माझे सासरे, तात्या, एकदा ओट्यावरून मला ऐकू जाईल अशा बेताने ह्यांना म्हणाले, "पाव्हणं किती दिस हायेत रं?" विलासनेही ते ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत तो टोपली घेऊन गुलाबात उभा. फुलबाजारात जायचा गुलाब देठ धरून, काटा न लागता, पाकळीला धक्का न देता तोडावा लागतो. आठवड्याभरात तो आमच्या बायांपेक्षा सफाईने तोडायला लागला. बायका म्हणायच्या, "ताई, तुमच्या भावाचा हात लय हलका हाय." तो ऐकायचा आणि हाताकडे बघायचा.

त्या वर्षीची भाऊबीज मी विसरणार नाही. सकाळी उठले तर विलास घरात नाही. मला वाटलं, गेला... आता परत येत नाही. दुपारी जेवणवेळेला दारात रिक्षा थांबली. इस्त्रीचा शर्ट, हातात साडीची पिशवी आणि मिठाईचा पुडा, असा विलास उतरला आणि उंबऱ्याबाहेरूनच मोठ्याने म्हणाला, "ताई, आलो गं! गाडीला फार गर्दी होती." दिवस उगवायच्या आधी उठून तो शहरात गेला होता. स्टँडवर उगाच बसून राहिला होता. का, तर बहिणीच्या घरी भाऊबीजेला भाऊ बाहेरून आला पाहिजे. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि आत हाक दिली, "सूनबाई, पाव्हण्यांना पाणी आणा." त्यानंतर विलासने दर भाऊबीजेला हे नाटक केलं, आणि तात्यांनी ते होते तोवर दर भाऊबीजेला तसंच पाणी मागवलं.

विहिरीपलीकडचा आमचा द्राक्षाचा लांबट तुकडा तेव्हा रिकामा होता. वेल जुने झाले म्हणून ह्यांनी ते काढले होते आणि जमिनीला वर्षभर विसावा द्यायचा, मग नवी रोपं लावायची, असं ठरलं होतं. मांडवाचे लोखंडी खांब तेवढे ओळीने उभे. संध्याकाळी फुलांचं काम आटोपलं की विलास तिथे जायचा आणि लांबचे फटके मारायचा. ते तर त्याला येतच होते. शेजारी एका डॉक्टरांनी घर बांधायला घेतलं होतं. त्यांची अकरा-बारा वर्षांची मुलगी सानिका, कुंपणापाशी उभी राहून बघायची. एक दिवस डॉक्टर आले, "हिला शिकवाल का?" विलास म्हणाला, "मी शिकवत नाही." सानिका म्हणाली, "मग शिकवू नका. नुसतं मारू द्या." विलासला हसू आलं. त्याने तिला काठी दिली.

तिथून ते सुरू झालं. सानिका मारायची, चेंडू कधी दोन पावलं जायचा, कधी जागचा हलायचाच नाही. विलास बाजूला उकिडवा बसून बघायचा. गावातली माणसं बांधावरून हसत जायची. तात्याही विहिरीच्या काठावर बसून ह्यांना हाक मारून म्हणायचे, "निवृत्ती, यंदा काय पिकणार हाय रं वावरात? चेंडू?" विलास निमूटपणे चेंडू गोळा करायचा.

आणि मग रोपं सांगायची वेळ आली. रोपवाटिकेतून निरोप आला होता. ती जमीन विलासला हवी होती, हे मला दिसत होतं. पण माहेरच्या माणसासाठी सासरची जमीन मागायला माझी जीभ उचलेना. ह्यांचीही तीच अवस्था, बापापुढे काय बोलणार? विलासनेच बॅग आवरायला घेतली होती. मुंबईकडे काहीतरी बघतो, म्हणत होता. रात्रीची भाकरी वाढली, सगळे जेवायला बसले, आणि तात्यांनी विचारलं, "रोपं सांगितली का रं?"

"उद्या सांगतो," हे म्हणाले.

"नको सांगू."

तात्यांनी भाकरी कुस्करली आणि मान वर न करता बोलले, "मी रोज बसून बघतो. ती डाक्टरची पोर शंभरदा चुकती. ह्यो एकदाबी वरडत नाय. तुला छाटणी शिकवताना मी कातरीच्या मुठीनं हाणलेलं, आठवतं का?"

"आठवतं," हे म्हणाले.

"मग राहू दे. वेल काय, फुडल्या साली लावू."

विलासच्या हातातला घास हातातच राहिला. ते पुढलं साल पुढे वीस-बावीस वर्षं आलंच नाही.

मांडवाच्या खांबांना उंच जाळी बांधली, अंतर कळावं म्हणून काही खांब रंगवले, बोरीच्या सावलीत चार खुर्च्या टाकल्या. एवढ्यावर विलासचा वर्ग सुरू झाला. हळूहळू माणसं यायला लागली. शहरातले डॉक्टर-वकील आले, ओझरच्या विमान कारखान्यातले इंजिनिअर आले, विंचूरच्या वाइन पार्कातले एक मॅनेजर आले. कांद्याचे एक व्यापारी यायचे, ते काठी अशी उगारायचे की झाडावरची पाखरं उडून जायची. विलास त्यांना म्हणायचा, "शेठ, ही गोणी नाही पाठीवर टाकायची. विळा चालवताय असं समजा. विळ्याला जोर लावलात तर बोट जातं." शेतकऱ्याला विळा, शिंप्याला कात्री, ज्याच्या हाताला जे ठाऊक त्यातूनच तो त्याला शिकवायचा. मी स्वतः मास्तरीण. वर्गात एका मुलाला एक गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढायचा. विलास तीच गोष्ट तिसाव्यांदा सांगायचा आणि चेहऱ्यावर असा भाव, जणू त्यालाही ती आत्ताच कळली आहे.

फक्त एक गोष्ट तो शिकवायचा नाही. खड्ड्याजवळचा तो शेवटचा, हलका फटका. "आपल्याकडे ग्रीन नाही ना," म्हणायचा, "ते पुण्या-मुंबईला जाऊन शिका." शिकणाऱ्यांना ते पटायचं. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं.

मी निवृत्त झाले आणि हाताशी वेळ आला. अण्णांची लेक मी, गवत मला कळतं. विहिरीजवळच्या कोपऱ्यात मी माती चाळून घेतली, नदीची वाळू मिसळली, बारीक पानाच्या हरळीची मुळं लावली, सिमेंटच्या पाइपात काँक्रीट भरून रोलर करून घेतला. विलासला वाटलं, फुलांसाठी वाफा करते आहे. पावसाळा संपता संपता गवत धरलं आणि मी ते कापून बारीक केलं, तेव्हा त्याला कळलं. त्या दिवशी तो माझ्यावर चिडला. आयुष्यात एकदाच. "कुणी सांगितलं होतं हे करायला? मी मागितलं होतं?" एवढं बोलून निघून गेला. दोन दिवस जेवायला घरात आला नाही. मी रोज सकाळी ग्रीनवरचं दव झाडत राहिले. पूर्ण हिवाळाभर त्या गवतावर माझ्याशिवाय कोणी पाय ठेवला नाही.

मग गुरुजी आले. त्यांना कुणीतरी यजमानाने सांगितलं होतं की गोल्फमध्ये चालणं फार असतं. गुरुजी म्हणाले, "आमच्या कामात बसणं फार. गुडघे गेले. तेव्हा म्हटलं, उलटं काहीतरी करावं." त्यांना विलासचा पूर्वेतिहास माहीत नव्हता, हात झटकतो हे माहीत नव्हतं, त्या ग्रीनवर जायचं नसतं हेही माहीत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात ते चपला काढून सरळ ग्रीनवर गेले. देवळात गेल्यासारखे. "वा, सर! काय गवत आहे! इथे कसं खेळायचं, दाखवा ना."

तीन-चार शिष्य तिथे उभे होते, सानिका होती. ती तोवर मोठी झाली होती आणि तिला सगळं ठाऊक होतं. मी गुलाबात होते, माझे हात थांबले. विलास काही क्षण उभा राहिला. मला वाटलं, काहीतरी सबब सांगेल. पण समोर अनवाणी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं त्याला जमलं नसावं. तो गेला. चेंडू ठेवला, दीड-दोन हातांवर. वाकला... आणि तोच झटका. चेंडू ग्रीन ओलांडून थेट माझ्या गुलाबात.

सानिकाने मान खाली घातली. आणि गुरुजी टाळी वाजवून म्हणाले, "अरे वा! म्हणजे तुमचंही चुकतं!" त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. निखळ आनंद होता. "बरं झालं हो, सर. मी रोज घरी जाऊन म्हणतो, हे सर चुकतच नाहीत, आपल्याला कसं जमायचं? आता जमेल."

विलास त्यांच्याकडे बघत राहिला. आणि मग हसला. पुण्याला हसला होता तसं नव्हे. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. इतकी वर्षं लोकांनी त्याच्या त्या झटक्यावर मान वळवली होती, कीव केली होती, उपाय सुचवले होते. त्याने कुणाला आनंद होईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. त्याने माझ्याकडून चेंडू मागून घेतला आणि पुन्हा मारला. पुन्हा चुकला. तिसरा गेला. गुरुजींनी तिन्ही वेळा सारख्याच टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, अण्णांसारखं गवत केलंस." बस, तेवढंच. मी भाजी ढवळत राहिले. मागे वळले असते तर रडले असते.

हात शेवटपर्यंत बरा झाला नाही. कधी चेंडू जायचा, कधी झटका यायचा. पण त्यानंतर तो सगळ्यांना ग्रीनवर शिकवायला लागला. "मी करतो तसं करू नका, मी सांगतो तसं करा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गुरुजींना त्याने सांगितलं, "संध्येला पळीतून पाणी सोडता ना, थेंब न सांडता, तेवढाच हात हलवा," आणि गुरुजींचा चेंडू खड्ड्यात जाऊन पडला. सानिका पुढे व्यावसायिक खेळाडू झाली, आता तिचं नाव बारीक अक्षरात येत नाही. ती दशक्रियेला आली होती. मला म्हणाली, "मावशी, मोठ्या स्पर्धेत भीती वाटली की मी सरांचा तो गुलाबात गेलेला चेंडू आठवते. वाटतं, झालंच तर काय होईल? गुलाबात जाईल." आता दर रविवारी ती स्वतः येऊन वर्ग घेते. गुरुजी सगळ्यांत आधी हजर असतात.

गेल्या उन्हाळ्यात मी विलासला विचारलं होतं, खेळणं सुटलं याचं वाईट वाटतं का कधी? तो चेंडू धूत बसला होता. म्हणाला, "खेळायचो तेव्हा दुसऱ्याचा चुकला की बरं वाटायचं, ताई. खोटं कशाला बोलू? आता दुसऱ्याचा बसला की बरं वाटतं. झोप चांगली लागते."

द्राक्षं भरायच्या जुन्या शेडला लागून त्याची खोली आहे. एक खाट, एक कपाट, खिडकीत गॅसची एक छोटी शेगडी. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तो त्या शेगडीवर चहा करायचा, आलं घातलेला, साखर जरा जास्तच, आणि दोन कप घेऊन ओट्यावर यायचा. एक त्याचा, एक तात्यांचा. तात्या गेल्यावर तो दुसरा कप ह्यांचा झाला. दोघं दाजी-मेव्हणे अंधारात चहा पीत बसायचे. बोलायचे फार थोडं.

विलास गेल्यावर त्या खोलीचं काय करायचं, हे मी ह्यांना विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण आमच्या ह्यांनी कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं. स्वयंपाकघरात साखर कुठल्या डब्यात असते, हे त्यांना आजही सांगता यायचं नाही. तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर शेजारी हे नाहीत. उठून पाहिलं, तर विलासच्या खोलीत दिवा लागलेला. थोड्या वेळाने हे दोन कप घेऊन, धोतर सावरत, ओटा चढून आले. एक कप त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

आता रोज असंच चालतं. माझ्या स्वयंपाकघराकडे ते फिरकत नाहीत. त्याच्याच खोलीत जातात, त्याच्याच शेगडीवर करतात. आलं ठेचल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू येतो.

काल त्यांनी विचारलं, "साखर जास्त होती का गं?"

मी म्हटलं, "नाही. अशीच असते."

दोघांनी चहा संपवला. तोवर फटफटलं होतं. मी टोपली घेऊन गुलाबात गेले, आणि ह्यांनी कप विसळून परत त्याच्या खोलीत नेऊन ठेवले.